एक स्कूप, एक थेंब

गेल्या वर्षी शिमग्याच्या आसपास मावशींचं उजवं मनगट सुजलं. अंगठ्याच्या मुळापासून कळ निघायची ती थेट कोपरापर्यंत, घरी भाकरी थापताना हात टेकवेना आणि माझ्या क्लिनिकमध्ये दाढेत भरायचं सिमेंट कालवताना स्पॅच्युला बोटांतून सुटायला लागला. हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एकच एक काम वर्षानुवर्षं करून सूज आलीये, पट्टा बांधा आणि सहा आठवडे हाताला पूर्ण विश्रांती द्या. मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं, बाहेर जिन्यापाशी आलो तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, मग सिमेंट कोण कालवणार ओ?"

मी बार्शीत दाताचा दवाखाना चालवते, २००८ पासून. मावशी आल्या २००९ ला, सातवी शिकलेल्या, नवरा गेलेला, पदरात दोन पोरं. झाडायला पुसायला म्हणून आल्या होत्या आणि वर्षभरात माझ्या खुर्चीच्या डाव्या बाजूला उभ्या राहायला लागल्या. तेव्हापासून माझ्या क्लिनिकमध्ये जेवढ्या दाढा सिमेंटने भरल्या गेल्या त्यातल्या बहुतेक सगळ्यांचं सिमेंट त्यांच्या हातचं आहे. पेशंटला वाटतं डॉक्टरीणबाईंनी दाढ भरली. भरली मीच, पण जे भरलं ते किती टिकणार हे माझ्या पाठीमागे, त्या छोट्या ट्रॉलीवर, अर्ध्या मिनिटात ठरलेलं असतं, आणि हे मी इतकी वर्षं कधी मोठ्याने बोलले नाही, म्हणून आज लिहितेय.

आमच्याकडे पेशंट दोनच नावं जाणतात. चांदी आणि सिमेंट. चांदी म्हणजे अमाल्गम, चांदी-कथील-तांब्याच्या पावडरीत जवळजवळ तेवढ्याच वजनाचा पारा घालून केलेलं. सिमेंट म्हणजे बहुतेक वेळा ग्लास आयोनोमर, आम्ही जीआयसी म्हणतो. लंडनच्या सरकारी केमिस्टच्या प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी शोधलेलं, १९७२ च्या सुमारास जगापुढे आलेलं. एका बाटलीत विशिष्ट काचेची बारीक पावडर, दुसरीत पॉलीॲक्रिलिक ॲसिड, दोन्ही एकत्र केले की आम्ल काचेला खायला लागतं आणि त्या खाण्यातूनच ते घट्ट होत जातं. ते दाताला स्वतःहून चिकटतं, हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं, आणि आमच्या भागात त्याची गरज प्रचंड आहे. मिसरी घासून घासून बायकांच्या दातांच्या मानेशी, हिरडीला लागून, अशा खाचा पडलेल्या असतात की नख अडकावं. गार पाणी लागलं की ठणका डोक्यात जातो. तिथे चांदी बसत नाही, तिथे हे सिमेंटच लागतं. तसंच लहान पोरांच्या दुधाच्या दाढा. ऊसतोडीवरून परत आलेल्या कुटुंबांतली पोरं उन्हाळ्यात येतात, सहा सहा महिने दात दुखत असताना फडावर काढलेले असतात, त्यांना खुर्चीत फार वेळ तोंड उघडं ठेवता येत नाही, पटकन साफ करून पटकन भरावं लागतं.

आता कालवणं म्हणजे काय ते नीट सांगते, कारण दाताच्या डॉक्टरांखेरीज हे कोणी बघितलेलं नसतं. पावडरची बाटली आधी तळहातावर हलकी आपटून आतली पावडर मोकळी करायची. मग स्कूप भरायचा, दाबून नाही, बाटलीच्या तोंडाच्या पट्टीवर घासून सपाट. तो कागदी पॅडवर पालथा करायचा. लिक्विडची बाटली आधी आडवी धरायची, मग पूर्ण उभी उलटी, म्हणजे नोजलमधला बुडबुडा मागे जातो, नाहीतर पडणारा थेंब अर्धा हवेचाच असतो. एक स्कूप, एक थेंब. पावडरचे दोन भाग करायचे, पहिला भाग दहा सेकंदात लिक्विडमध्ये ओढून घ्यायचा, दुसरा पुढच्या पंधरा-वीस सेकंदांत, आणि तेही पॅडभर पसरवून नाही, छोट्या जागेत, दाबून. स्पॅच्युला प्लास्टिकचा, कारण ही पावडर म्हणजे काच, ती स्टीलला खरवडते आणि सिमेंट करडं पडतं. तीस सेकंदांच्या आत ते माझ्या हातात यायला पाहिजे आणि येताना त्यावर चमक पाहिजे, ट्यूबलाईटचं प्रतिबिंब दिसेल अशी ओली चमक. चमक आहे तोवर आम्ल मोकळं आहे, ते दातातल्या कॅल्शियमला जाऊन धरेल. चमक गेली की संपलं. मग ते सिमेंट खड्ड्यात बसेल, घट्ट होईल, छान दिसेलही, पण दाताला धरणार नाही, आणि दोन महिन्यांनी पेशंट तो तुकडा कागदात बांधून घेऊन येईल.

मावशींना मी आम्ल, कॅल्शियम हे कधी सांगितलं नव्हतं. फक्त चमक दाखवली होती. २०१० च्या एका दुपारी, लाईट गेलेली, पंखा बंद, मी एका आजींच्या दाढेत अडकलेले, आणि मागून आवाज आला, "मॅडम, ह्याची चमक गेली, टाकून देऊ?" माझ्याकडे तेव्हा पेशंट कमी, उधारी जास्त, एकेक स्कूप मोजून वापरायचे मी. पण त्यांनी विचारलं आणि मी म्हणलं टाका. त्या दिवसानंतर त्यांनी परत कधी विचारलं नाही, चमक गेली की स्वतःच पान फाडायच्या आणि नवं कालवायला घ्यायच्या.

आणि मनगट सुजायचं कारण मला फार उशिरा उमगलं. पावडर कमी किंवा लिक्विड जास्त घेतलं तर सिमेंट लोण्यासारखं कालवलं जातं, हाताला काहीच त्रास नाही, डॉक्टरलाही भरायला सोपं. बऱ्याच ठिकाणी असंच होतं, नकळत होतं, रोज एक चिमूट पावडर कमी. पण त्याची ताकद जाते, ते लवकर झिजतं. पूर्ण पावडर घेऊन कालवायचं तर शेवटचे दहा सेकंद कणीक मळल्यासारखा जोर लावावा लागतो. मावशींनी तो जोर रोज पंधरा-वीस वेळा लावला, इतकी वर्षं. म्हणजे त्यांनी जर कामात चोरी केली असती तर त्यांचं मनगट आज ठीक असतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मशीन घ्यायचं ठरवलं ते असं.

कालवायची मशीन तशी आमच्या धंद्यात नवी नाही. कॉलेजात आम्ही चांदी हातानेच घोटली, काचेच्या छोट्या खलबत्त्यात, पावडर आणि पारा टाकून, करकर आवाज करत, मग तो गोळा गॉजच्या तुकड्यात पिळून जास्तीचा पारा काढायचा. पाऱ्याचे मणी ट्रेमध्ये पळायचे आणि आम्ही ते बोटाने एकत्र करायचो, हातमोजे होते पण नाक उघडं, आज आठवलं तरी कसंतरी होतं. १९५९ मध्ये विल्मर इम्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने सांगितलं होतं की पारा आणि पावडर सुरुवातीपासूनच समसमान घ्या, मग पिळायची गरजच नाही. पण एवढ्या कमी पाऱ्यात पावडरचा कण न् कण भिजवायचा तर हाताचा जोर पुरत नाही, तिथे मशीन लागते. त्या मशीनला अमाल्गमेटर म्हणतात. आत एक मोटर, तिच्या दांड्यावर जरा तिरकं बसवलेलं बेअरिंग, त्यातून बाहेर आलेला एक हात आणि हाताच्या टोकाला चिमटा. चिमट्यात कॅप्सूल अडकवायची, झाकण लावायचं, बटण दाबायचं, आणि ती कॅप्सूल मिनिटाला तीन-चार हजार वेळा इंग्रजी आठच्या आकड्यात हादरते. कमी घोटली गेली तर चांदी कोरडी, भुरभुरीत, निस्तेज निघते. जास्त घोटली गेली तर गरम, पातळसर, कॅप्सूलला चिकटून बसते आणि हातात घेईपर्यंत घट्ट व्हायला लागते. नीट झाली तर एकसंध चकचकीत गोळी, टणकन वाटीत पडणारी.

माझी पहिली मशीन सेकंडहँड होती. एका सीनियरांनी क्लिनिक बंद केलं तेव्हा त्यांच्याकडून घेतली, स्वस्त पडली, पण वरचं झाकण तुटलेलं. मी म्हणलं झाकणाचं काय एवढं. कॅप्सूल तेव्हा परत परत वापरायची असायची, फिरकीच्या टोपणाची, बाटलीतून पारा मोजून त्यात घालायचा. २०१३ च्या पावसाळ्यात एक दिवस टोपणाचे आटे झिजलेले होते ते कुणाच्या लक्षात आलं नाही, मशीन सुरू केली आणि तिसऱ्या चौथ्या सेकंदाला टोपण उडालं. पारा अर्धा ग्रॅमच्या आसपास असेल, म्हणजे पाण्याच्या एका थेंबापेक्षाही कमी. पण तो इतका बारीक होऊन उडाला की टेबलावर, फरशीवर, मावशींच्या पदरावर, सगळीकडे टाचणीच्या डोक्याहून लहान चकचकीत ठिपके. पेशंटला बाहेर बसवलं, पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या. जाड कागदाच्या पट्ट्यांनी मणी एकमेकांकडे ढकलत आणले, सुई काढलेल्या सिरिंजने ओढले, बारीक ठिपके चिकटपट्टीने टिपले, फरशीच्या सांध्यांत गंधकाची पूड घातली, जमा झालेला पारा पाण्याखाली बाटलीत बंद. मावशी झाडू घेऊन आल्या होत्या, त्यांना मी जवळजवळ ओरडूनच थांबवलं, कारण झाडूने पारा आणखी बारीक होतो आणि जितका बारीक तितकी त्याची वाफ जास्त. ती साडी मी त्यांना घरी नेऊ दिली नाही, पिशवीत बांधून टाकली आणि दुसऱ्या दिवशी नवी आणून दिली. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा ठिपक्यांला साडी टाकता व्हय?" मी त्यांना पहिल्यांदा बसवून पारा म्हणजे काय ते सांगितलं. चार वर्षं त्या माझ्याकडे पारा हाताळत होत्या आणि मी ते सांगितलं नव्हतं. ही माझी चूक आहे आणि ती मी कधी विसरणार नाही.

त्यानंतर झाकण, सीलबंद कॅप्सूल, सगळं आलं. आणि हळूहळू चांदीच गेली. २०१३ मध्येच, ऑक्टोबरात, जपानमध्ये मिनामाता करार झाला होता, पाऱ्याचा वापर कमी करायचा म्हणून. २०१७ मध्ये तो लागू झाला, २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. २०२२ मध्ये त्यात कलमं वाढली की दवाखान्यात सुटा पारा वापरायचा नाही, दुधाच्या दातांत, पंधरा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना अगदी गरज असल्याशिवाय चांदी भरायची नाही. युरोपियन युनियनने तर १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर जवळपास थांबवला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला करारातल्या देशांनी मिळून ठरवलं की २०३४ पर्यंत ती बंद. यामागचं मोठं कारण पर्यावरण आहे, गटारात, नदीत, माशांत जाणारा पारा. ज्यांच्या तोंडात जुनी चांदी नीट बसलीये त्यांनी घाबरून ती उकरून काढायची काही गरज नाही, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण काढतानाच वाफ आणि भुकटी जास्त उडते. पण आमचे म्हातारे शेतकरी अजून म्हणतात, "डॉक्टर, सिमेंट नको, चांदीच भरा, वडलांची चांदी सरणावर जाईपर्यंत टिकली." त्यांचं खोटं नाही. चांदी टिकायचीच. म्हणून तर सिमेंट नीट कालवलं जाणं आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय, चांदीची जागा त्याला घ्यायचीये.

तर मशीन. पहिला विचार मनात आला की जुनी अमाल्गमेटर पडूनच आहे, तिच्यातच जीआयसीच्या कॅप्सूल फिरवू. या कॅप्सूलमध्ये पावडर आणि लिक्विड कारखान्यातूनच मोजून भरलेलं असतं, मध्ये पातळ पडदा, खालचा दट्ट्या दाबला की पडदा फाटतो, मग लगेच मशीनमध्ये दहा सेकंद, मग पिस्तुलासारख्या गनमध्ये घालून थेट दातात सोडायचं. फिरवलं. गनमधून जे बाहेर आलं त्यात पांढऱ्या कोरड्या पावडरीच्या रेघा होत्या, नळाच्या सुरुवातीला पातळ पाणी आणि मागून चिक्की. कॅप्सूल खराब असेल म्हणून दुसरी घेतली. तेच. दोन महागड्या कॅप्सूल वाया घालवल्यावर माहितीपत्रक नीट वाचलं, तर त्यात लिहिलेलं, मिनिटाला चार हजारच्या वर. माझी जुनी मशीन चांदीसाठीची, तीन हजारलासुद्धा पोचत नसावी.

हिशेब साधा आहे. ४२०० च्या वेगाने दहा सेकंदात सातशे झटके बसतात. ३००० ने पाचशे. मग आपण म्हणतो की ठीक आहे, चौदा सेकंद फिरवू, झाले की सातशे. इथेच सगळे फसतात, मीही फसले असते. झटक्यांची संख्या भरली तरी प्रत्येक झटक्याचा जोर कमीच राहतो, आणि घट्ट मिश्रणात पावडरचा गठ्ठा फोडायला जोरच लागतो. शिवाय पडदा फाटल्या क्षणापासून आम्ल काच खायला लागलेलं असतं, ते मशीनसाठी थांबत नाही. मिक्सिंग सुरू झाल्यापासून माझ्या हातात असतात सव्वा ते दोन मिनिटं, तीही तेवीस डिग्रीच्या खोलीत. बार्शीच्या एप्रिलमध्ये, बेचाळीसला, ती वेळ निम्म्यावर आल्यासारखी वाटते. त्यातले चार सेकंद मशीनला द्यायचे म्हणजे पोराची दाढ भरायच्या वेळेतून कापायचे.

मग पुण्याला जाऊन एका डीलरकडे नवी डिजिटल मशीन बघितली. लाल आकडे, सुंदर दिसत होती, दुकानात माझ्याच कॅप्सूल फिरवून बघितल्या, मिश्रण अगदी एकसारखं, चमक पण भरपूर. घेऊन आले. इथे आल्यावर पहिले दोन दिवस चांगले गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परत पांढऱ्या रेघा. मला वाटलं मशीनच बिघडली. मावशी पट्टा बांधलेला हात धरून शेजारी बसलेल्या, त्या म्हणाल्या, "मॅडम, सकाळी येगळा आवाज करती, आता बसका करती." मी परत चालवली. खरंच, आवाज खाली आलेला. स्टॅबिलायझरचा काटा बघितला, दुपारचं व्होल्टेज १८५. मशीनवरचे लाल आकडे सेकंद बरोबर मोजत होते, दहा म्हणजे दहाच, पण आतली मोटर त्या दहा सेकंदांत किती वेळा हलते हे ती मोजतच नव्हती. आकड्यांचा डिस्प्ले होता तो फक्त घड्याळाचा. डीलरला फोन केला तर म्हणाला, दुपारचं तीन सेकंद वाढवा मॅडम. वाद झाला, शेवटी त्याने परत घेतली, थोडे पैसे कापून.

त्यानंतर जी शोधायला लागले तेव्हा मला नेमकं काय विचारायचं ते कळलेलं होतं. व्होल्टेज खाली आलं तर वेग धरून ठेवते का. सलग पाच-सहा कॅप्सूल फिरवल्यावर मोटर तापून मंदावते का. चिमटा कुठल्याही लांबीची कॅप्सूल घट्ट धरतो का, की एकाच कंपनीची. झाकण उघडं असताना सुरू होते का, झाली तर ती मशीन माझ्या क्लिनिकमध्ये येणार नाही, त्या साडीची शपथ. चिमट्याचा हात तुटला तर सुटा भाग मिळतो का आणि सोलापूरपर्यंत तरी दुरुस्त करणारा माणूस येतो का. वजनाला कशी आहे, कारण हलकी मशीन टेबलावर नाचते आणि नाचण्यात गेलेला जोर कॅप्सूलला मिळत नाही. यातलं माहितीपत्रकावर फारसं काही छापलेलं नसतं. तिथे रंग असतात, मेमरी बटणं असतात.

दुसऱ्या जातीची मशीन पण बघितली, जी हादरवत नाही, गरगर फिरवते आणि शेवटी अजून फिरवून बुडबुडे बाहेर ढकलते. कल्पना मला आवडली, आवाजही कमी, पण किंमत माझ्या आवाक्यापलीकडे आणि सगळ्याच सिमेंटला त्याचा सारखा फायदा होतो असंही नाही. तो नाद सोडला.

शेवटी दोन मशीन उरल्या आणि मी त्या दोन्ही आठवड्यासाठी मागून आणल्या, परत करायच्या बोलीवर. परीक्षा घरगुतीच केली. औषधाच्या स्ट्रिपचे रिकामे खड्डे साच्यासारखे वापरले, त्यांना व्हॅसलीन लावलं, प्रत्येक मशीनच्या सकाळच्या आणि दुपारच्या कॅप्सूलच्या गोळ्या त्यात भरल्या, शेजारी एक रांग हाताने कालवलेल्या सिमेंटची. हाताने मीच कालवलं, मावशी शेजारून सांगत होत्या, अजून दाबा, पसरू नका, जरा लवकर. चोवीस तासांनी त्या गोळ्या ब्लेडने मधून फोडल्या आणि भिंगाखाली धरल्या. सगळ्यांत बुडबुडे होते, हे आधी सांगते, बिनबुडबुड्याचं सिमेंट मी आजवर बघितलेलं नाही. पण एका मशीनच्या दुपारच्या गोळीत मोहरीच्या दाण्याएवढी पोकळी होती. दुसरीच्या सकाळ-दुपारच्या गोळ्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नव्हत्या. माझ्या हातच्या गोळीत बुडबुडे बारीक, पण एका कडेला नीट न भिजलेली पावडर. मावशींनी ती भिंगातून बराच वेळ बघितली. मग हळूच म्हणाल्या, "माझं पण आतून असंच दिसत आसंल का ओ?" मी म्हणलं तुमचं यापेक्षा खूप चांगलं असेल. पण मलाच माहीत नव्हतं, मी कधी फोडून बघितलंच नव्हतं.

दुसरी मशीन ठेवली. साधी आहे दिसायला, करडी, दोनच बटणं, जड.

आणि तरीसुद्धा बाटल्या मी कपाटातून काढल्या नाहीत. कॅप्सूल महाग पडते, मानेशी असलेल्या तांदळाएवढ्या खाचेसाठी एक अख्खी कॅप्सूल फोडायची म्हणजे बरंचसं सिमेंट त्यातच राहतं, आणि तो खर्च शेवटी त्या मिसरी लावणाऱ्या बाईच्या मजुरीतून येतो. शिवाय आम्ही वाड्या-वस्त्यांवर शिबिरं घेतो, शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर पोराला झोपवून, हातातल्या अवजारांनीच कीड कोरून जीआयसी भरायचं. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली, जिथे ड्रिल नाही, लाईट नाही अशा गावांसाठी, आणि आज जगभर वापरतात. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीआयसीला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं तेव्हा मी ती बातमी मावशींना वाचून दाखवली होती. त्या व्हरांड्यात कुठली मशीन चालणारे. तिथे सिमेंट चांगलं होतं ते कालवणाऱ्याचा हात चांगला असेल तरच.

म्हणून आता वाटणी अशी आहे. चावायच्या दाढा, मोठे खड्डे, लहान पोरं, यांना कॅप्सूल. बारीक खाचा, कॅप चिकटवणं आणि शिबिरं, हाताने. मावशींचं मनगट बरंच उतरलंय, थंडीत अजून कुरकुरतं. मशीन त्याच चालवतात. कॅप्सूल घालण्याआधी त्या ती टेबलावर दोनदा टिचकावतात, म्हणजे आतली पावडर मोकळी होते, हे त्यांनी बाटलीवरून स्वतःच उचललं आणि कॅप्सूलच्या पत्रकातही तसंच लिहिलेलं निघालं. आवाज बसका आला की मान हलवतात आणि ती कॅप्सूल माझ्यापर्यंत येतच नाही.

जूनमध्ये एक मुलगी नव्याने कामावर ठेवली, बारावी झालेली, चटपटीत. पहिल्याच दिवशी तिने मशीनचं बटण शिकून घेतलं आणि रिकामीच चालवून बघायला गेली, तर मावशींनी हात धरला, "रिकामी नाय चालवायची, चिमटा ढिला होतो." मग तिला मशीनपासून उठवून ट्रॉलीपाशी नेलं. आज अडीच महिने झाले, दुपारी पेशंट नसले की दोघी पॅड घेऊन बसतात. मुदत संपायला आलेली एक जुनी बाटली मी त्यासाठीच दिलीये. काल मी जेवून आले तेव्हा पोरगी कालवत होती, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या. तिने स्पॅच्युला खाली ठेवला. मावशींनी पॅड उचलून ट्यूबलाईटखाली तिरका धरला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"चमक हाय," त्या म्हणाल्या, "पण कडंला कोरडं राहिलंय, हे बघ." आणि पान फाडलं. "परत कर. एक स्कूप, एक थेंब."